तळाशी थोडं ठेवायचं

चिझोंडे मिशन रुग्णालय
३ ऑक्टोबर

डॉ. लुसुंगू सोको यांस,

तुमचा अहवाल मिळाला. पहिल्याच पानावर तुमच्या नावापुढे इतक्या पदव्या आहेत, की त्यांत माझा दादा कुठे बसलाय ते शोधावं लागलं. सापडला नाही.

फोन करत नाहीये. फोनवर तुम्ही मधेच बोलता. कागदाला मधेच तोडता येत नाही, फार तर फाडता येतो. हे पत्र लिलोंग्वेच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. तो तुमच्या ऑफिसच्या फाटकावर टाकेल.

तर तुमचं म्हणणं असं, की आमच्या नवजात वॉर्डातल्या बाळांच्या रक्तात एक हट्टी जंतू सापडतोय, निम्म्याहून जास्त औषधांना तो जुमानत नाही, आणि तो आमच्या नर्सच्या हातांवरून बाळांत जातोय. म्हणून वॉर्ड बंद करा. नोव्हेंबर संपता संपता समिती बसेल आणि तुमच्या कागदावर शिक्का मारेल. समितीत कुणी डोकं चालवणार नाही, कारण कागद तुमचा आहे.

वॉर्ड बंद म्हणजे काय ते सांगते. अहवालात ते नाहीये. अपुऱ्या दिवसांचं बाळ आईच्या छातीला बांधून मिनीबसमधे, मक्याच्या पोत्यांवर बसून म्झुझूच्या मोठ्या रुग्णालयात जाणार. डिसेंबरात आपला रस्ता कसा होतो ते तुम्ही विसरला असाल, आता पांढऱ्या उंच गाडीतून येता ना. काही बाळांचा श्वास वाटेतच थांबेल. ती तुमच्या आकड्यांत धरली जाणार नाहीत. ती आमच्या वॉर्डात मेलेली नसतील. वॉर्ड एकदम स्वच्छ दिसेल. रिकाम्या खोलीसारखा स्वच्छ.

आणि नर्सच्या हातांच्या तपासणीचे निकाल नावांसकट भिंतीवर लावायची अक्कल कुणाची? सगळ्यात वर सिस्टर न्यामुंथाली. लाल अक्षरात. या भागातली निम्मी माणसं ज्यांच्या हातांत पहिल्यांदा रडली, त्यांचे हात लाल अक्षरात. मिशननं त्यांना घरी बसवलंय. बाजारात बायका त्यांच्या शेजारची जागा सोडून पलीकडे बसतात.

परवा एक बाळ पुरलं. नाव न ठेवलेलं बाळ बायकाच पुरतात, तिथे तुम्ही पुरुष फिरकत नाही, म्हणून तिथे काय झालं ते सांगते. सिस्टर नेहमीसारख्या गेल्या, कमरेला चितेंजेचं कापड घट्ट बांधून. बाळाची आजी त्यांना म्हणाली, "तुझे हात इथे नकोत, न्यामुंथाली. कुदळीलाही लावू नकोस." त्या वळल्या आणि घरी गेल्या. घरी जाऊन हात धूत बसल्या म्हणे. किती वेळ ते त्यांच्या सुनेनं सांगितलंय, पण ते मी तुम्हाला लिहिणार नाही.

अहवाल मागे घ्या. निदान नीट तपासेपर्यंत तरी.

डॉ. मासुझगो सोको
(माझ्यापुढे एकच पदवी आहे. पण ती मी रोज वापरते.)

१५ ऑक्टोबर

लुसुंगू,

'तुम्ही' बंद. तुझं उत्तर वाचल्यावर तेवढाही मान उरला नाही.

दोन ओळी. "तू भावनेच्या भरात लिहितेस. पुरावा असेल तर पाठव." बरं. पाठवते.

टियोंगेचं बाळ. रक्तात तुझा जंतू, भरपूर. ताप नाही, दूध ओढून पितंय, राउंडला माझ्या कोटावर मुतलं. तुझ्या ऑफिसातून फोन: मॅडम, नियमाप्रमाणे जबर औषध चालू करा. मी नाही केलं. बाळ घरी गेलं. गेल्या आठवड्यात वजनाला आणलं होतं. इतकं गुटगुटीत झालंय, की आईला पाठीवर बांधताना दुसरीची मदत घ्यावी लागली. रक्तात असला जंतू घेऊन बाळं अशी फुगत नाहीत. मरतात.

आता न्याझिवाचं बाळ. याच्याबद्दल तू मिशनकडे माझी तक्रार केलीयेस ना, "अभ्यासातलं बाळ परवानगीशिवाय हलवलं" म्हणून? त्या बाळाला हिरवी उलटी होत होती. पोट टम्म. तुझा निकाल आला, जंतू. मी तुला फोन केला, शेवटचा. तू म्हणालास, "संसर्गानं पोट फुगतं, औषध चालू ठेव, हलवू नकोस." नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ, नाही म्हणून सिद्ध होईपर्यंत पीळच. हे मला कुणी शिकवलं माहितीये? तू. माझ्या परीक्षेच्या आधी, आईच्या स्वयंपाकघरात, भोपळ्याच्या वेलाला पीळ देऊन. "बघ, रस पुढे जात नाही, पान काळं पडतं." तो मुलगा कुठे गेला रे?

मी बाळ म्झुझूला पाठवलं. सर्जननं पोट उघडलं. पीळच होता. बाळ वाचलंय.

पण तुझं ऐकून मी अर्धा दिवस थांबले. तो अर्धा दिवस तुझ्या नावावर लिही नाहीतर माझ्या, मला फरक पडत नाही. आतड्याचा तेवढा तुकडा मात्र कापावा लागला.

आणखी एक. रात्री-बेरात्री घाईत मी स्वतः ज्या बाळांचं रक्त काढलं, ताज्या स्पिरिटनं पुसून, त्यातल्या एकातही तुझा जंतू उगवला नाही. तुझ्या प्रयोगशाळेचे कुमवेंडा येऊन जी रक्तं काढतात, त्यांत हमखास उगवतो. वॉर्ड तोच. नर्स त्याच. हात तेच.

मग वेगळं काय आहे, डॉक्टर? तुझ्याकडे पदव्या आहेत, तू शोध. तू शोधणार नाहीस, मला माहितीये. शोधलंस तर सापडेल.

मासुझगो

२९ ऑक्टोबर

दादा,

दादा म्हणतेय म्हणून खूश होऊ नकोस. आज हे मी शिवीसारखं म्हणतेय.

काल कुमवेंडा माझ्याकडे आले. "मॅडम, जरा उकळलेलं पाणी मिळेल का? गार केलेलं." हातात काचेची बरणी. आत जंतुनाशकात भिजवलेला कापूस. रक्त काढायच्या आधी बाळाची टाच ज्यानं पुसतात तो.

म्हटलं, "बाबा, पाणी कशाला?"

"उकाडा बघताय ना. कापूस सुकतो. वर थोडं पाणी घालायचं, थोडं औषध घालायचं, परत ओला."

"आणि बरणी कधी धुता?"

ते असे हसले, जशी मी नवी सून आहे आणि चुलीला चर्चमधला दिवा समजतेय. "बरणी धुवायची नसते, मॅडम. सीलबंद कापूस बंदरात अडकलाय ना जुलैपासून. डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांना बसवून शिकवलं. म्हणाले, थेंबभर वाया घालवायचं नाही. आमच्या आईचा दुधाचा भोपळा असतो तसं करा. तळाशी थोडं ठेवायचं आणि वर भरत राहायचं."

मी स्टुलावर बसले. हसू आलं आधी. नंतर जे आलं ते लिहीत नाही.

तुला आठवतोय ना तो भोपळा? वाळवून पोकळ केलेला, दाराच्या मागे टांगलेला, आपल्या जन्माच्या आधीपासून न धुतलेला. आई दूध ओतायची आणि म्हणायची, खालचं वरच्याला शिकवतं. गायीगुरांच्या घरातला मुलगाच असलं काही शिकवू शकतो. तुझ्या परदेशी सायबांपैकी एकाला तरी हे सुचलं असतं का? नसतं. त्यांनी बरणी फेकून दिली असती. तू मात्र आईचा खरा मुलगा. विरजण लावलंस, दादा. जंतुनाशकात. पातळ होत होत त्यात औषध नावापुरतं राहिलं आणि पाण्यात वाढणारं जे होतं ते आरामात वाढलं. खालचं वरच्याला शिकवत राहिलं.

पुरावा हवा होता ना तुला?

मी बाही वर केली. म्हटलं, "बाबा, माझं रक्त काढा. बाळांचं काढता तस्संच." ते बिचकले. मी दटावलं. त्यांनी बरणीतला कापूस घेतला, कोपर पुसलं, रक्त काढलं. चिठ्ठीवर मी नाव घातलं, 'मासुझगोचं बाळ', आणि बाकीच्या बाटल्यांबरोबर तुझ्या प्रयोगशाळेत पाठवून दिलं.

(या पत्राचा पुढचा भाग चार दिवसांनी लिहितेय. निकालासाठी थांबले होते.)

निकाल आला. जंतू उगवला. तोच. खाली तुझी सही. शेरा: "तब्येत गंभीर असण्याची शक्यता. औषध ताबडतोब सुरू करावे. बाळाचे वजन कळवावे."

वजन नाही कळवत. माझी तब्येत म्हणशील तर त्या दिवशी मी मक्याच्या न्सिमाचे दोन मोठे गोळे खाल्ले, शेंगदाण्याच्या कुटातल्या पाल्याबरोबर, आणि नंतर बसच्या कंडक्टरशी भांडून जिंकले.

आता हात. बाळाची टाच पुसताना बाळ धरून कोण बसतं? नर्स. तो कापूस कुणाच्या बोटांना लागतो? नर्सच्या. त्यांच्या हातांवरून बाळाकडे काही गेलं नाही. तुझ्या कापसावरून त्यांच्या हातांवर आलं. तू वाट उलटी वाचलीस. आणि भिंतीवर चिकटवलीस.

कुणाला त्या कापसामुळे खरंच काही झालं असेल का? हे तुला कळणार नाही, मलाही नाही. या एका गोष्टीत आपण दोघं भाऊबहीण आहोत.

चिठ्ठीवर नाव लिहिताना पेन जरा थांबलं. तसं लेबल या वॉर्डात आधी एकदा लागलंय. तू तेव्हा परदेशात शिकत होतास. पुरायला पुरुष येत नाहीत, ते सोड. पण नंतर यायला तुला कुणी अडवलं नव्हतं. माझ्या बाळाला खड्ड्यात कुणी ठेवलं, विचारलंस कधी? न्यामुंथालींनी. आई बाजूला उभी होती, मला उभंही राहता येत नव्हतं. त्यांनी आधी हात धुतले. मेलेल्या बाळाला हात लावायच्या आधी धुतले. ते हात तू लाल अक्षरात लावलेस.

समितीला पत्र लिही. तू. स्वतः.

म.

९ नोव्हेंबर

लुसुंगू,

आता तुला मला फोन करावासा वाटतोय. वाजू दे.

तीन पानी पत्र मिळालं. आधी जे दोन ओळींत जमत होतं त्याला तीन पानं लागली म्हणजे घाबरलायस. बघू या.

कुमवेंडांना काढून टाकायचं आणि प्रकरण मिटवायचं, हे पान एक. त्यांनी तुझं ऐकलं हा त्यांचा गुन्हा. लुसुंगू, ते माणूस पेन्शनची वाट बघतंय, आणि तुझ्यावर त्याचा इतका विश्वास, की बरणीवर तुझ्या हस्ताक्षरातली सूचना चिकटवून ठेवलीय. काढून टाक त्यांना. मी ती बरणी समितीच्या टेबलावर ठेवते.

अहवालात तळटीप घालायची, हे पान दोन. वॉर्ड बंद करायचं मोठ्या अक्षरांत आणि बरणी मुंगीएवढ्या अक्षरांत. नाही.

पान तीन. खोट्या नावानं नमुना पाठवणं हा गुन्हा आहे आणि तू मला समितीपुढे उभी करू शकतोस. कर. मी येते. माझी बाही वर करूनच येते.

आणि आईला यात ओढायची काय गरज होती? काल ती मक्याच्या ट्रकवर बसून आली, मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. कोंबडी मला देऊन मग बोलली.

"भाऊ आहे तुझा. भावाचं नाक चारचौघांत कापू नये."

म्हटलं, "त्यानं न्यामुंथालींचं कापलं."

"न्यामुंथाली आपली कोण लागते?"

तिचं तिलाच आठवलं. ती बराच वेळ कोंबडीच्या पायाची दोरी सोडत बसली. सुटलेलीच होती.

मग म्हणाली, "त्यानं खरंच माझ्या भोपळ्याचं नाव घेतलं?"

"सगळ्यांसमोर."

"गाढव आहे. भोपळ्यात आंबतं म्हणून तर आपण पितो. ज्यात काही आंबू नये त्यात कुणी असं करतं? माझा फोन कुठंय?"

त्यानंतर तुला आलेला फोन मी शेजारी बसून ऐकला, म्हणून इथे परत लिहीत नाही. फक्त एक वाक्य लिहिते, कारण ते मला फार आवडलं: "लुसुंगू, मी तुला दूध दिलं होतं. अक्कल तू बाहेरून आणणार होतास."

आता माझं ऐक. समितीला लिहायचं, की जंतू तुझ्या बरणीत होता, आणि बरणीचा नियम तुझा होता. कुमवेंडांचं नाव कुठे यायचं नाही. एवढ्यानं वॉर्ड वाचेल. पण मला एवढं पुरत नाही. तू इथे यायचं. वॉर्डात, सगळ्या नर्सपुढे, दोन्ही हात पुढे करायचे. न्यामुंथाली तुझ्या हातांचे नमुने घेतील, जसे तू त्यांचे घेतलेस.

"हे बालिश आहे" असं लिहू नकोस. लिहायच्या आधी त्यांच्या सुनेला भेट.

मासुझगो

२२ नोव्हेंबर

समितीला तुझं पत्र पोचल्याचं मिशनला कळलं. पाद्रीबाबांनी रविवारी प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं. तू 'माझी' हा शब्द दोनदा वापरलायस, मोजला मी.

हात विसरू नकोस.

१८ डिसेंबर

दादा,

वॉर्ड चालू आहे. एका पाळण्यात दोघं अशी गर्दी आहे. रस्ता परवापासून बंद आहे, नाल्यावरची माती वाहून गेली. तो बंद झाला त्याच दिवशी जुळं आलं, दोन्ही मिळून एका कोंबडीएवढी. म्झुझूला न्यायची असती तर कुठून नेली असती, ते तू नकाशावर बघ. दोघंही श्वास घेतायत. आज तरी.

तू आलास त्या दिवशी मी तुझ्याशी एक शब्दही बोलले नाही, ते ठरवून. पण तू खाली बघत होतास, म्हणून काय झालं ते तुला अर्धंच माहितीये.

तू म्हणालास, "हात धुऊन आलोय, सिस्टर."

त्या म्हणाल्या, "परत धुवा. इथे सगळेच म्हणतात, धुऊन आलोय."

तुझ्या मागे त्या लहान नर्स तोंडात चितेंजे कोंबून हसत होत्या. तू धुतलेस. त्या बघत उभ्या राहिल्या, अंगठे विसरलास तर अंगठे दाखवले. मग तू ओले हात पुढे केलेस आणि त्यांनी प्रत्येक बोट धरून नमुना घेतला. हळू. तुझा हात त्यांनी खालून आपल्या हातानं धरून ठेवला. हे तुला जाणवलं का, मला माहीत नाही. मला दिसलं. आणि मला त्यांचा रागही आला.

तू गेल्यावर चार दिवसांनी एक बाळ गेलं. सिस्टरांना कुदळ धरू न देणाऱ्या त्या आजीच्या शेजारच्या घरातलं. ती स्वतः सिस्टरांच्या दारात आली. माफी वगैरे काही नाही, आपल्याकडे बायका असलं मागत नाहीत. म्हणाली, "न्यामुंथाली, जमीन कडक आहे. कुदळ तू धर." सिस्टर गेल्या. मीही गेले.

तुझं नवं पत्र वाचलं. खोटा जंतू कसा सापडला यावर तू लेख लिहितोयस आणि माझं नाव दुसरं घालणार आहेस. पहिलं कुणाचं, ते विचारत नाही. माझं नाव नको. 'निरोगी स्वयंसेवक' म्हणून टाक कुठेतरी. आणि या वेळी वजन भर, सत्तर किलो.

खाली तू हळूच लिहिलंयस, की हातांचा निकाल आला असेल तर भिंतीवर लावू नकोस. झालं ते झालं, आपण लहान आहोत का.

आला निकाल. विशेष काही नाही. माणसाच्या हातांवर असतं ते सगळं, थोडं नाकातलं, थोडं मातीतलं. मी कागद न्यामुंथालींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी केली आणि मला परत दिला. म्हणाल्या, "राहू दे. हात सगळ्यांचेच असे असतात."

त्या मोठ्या मनाच्या आहेत. मी तुझी बहीण आहे.

लावलाय.

मासुझगो